शटडाऊन दिलं, तरी जावा जागाच

प्रश्न : इथे इंदूरला रामबागेत एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. लिनक्सवर टॉमकॅट आहे, म्हणजे जावातलं ॲप चालवणारा सर्व्हर. रात्री बॅकअपच्या आधी शटडाऊनची स्क्रिप्ट चालवतो, ती निमूट संपते; पण जावाची प्रोसेस तशीच. मग ‘किल मायनस नाइन’ मारतो. परवा ते मारायचं राहिलं, सकाळी टॉमकॅट बिनतक्रार सुरूही झाला, आणि सभासदांना हप्त्याचे एसएमएस दोन-दोनदा गेले. असं का?

उत्तर : दोनदा गेले, कारण जावा दोन होत्या. कालची आणि आजची.

शटडाऊनची स्क्रिप्ट कुणाला मारत नाही. ती ८००५ पोर्टवर ‘शटडाऊन’ एवढा शब्द टाकते. टॉमकॅट तो ऐकतो, ८०८० (ज्या पोर्टवर ॲपकडे विनंत्या येतात ते) सोडतो, ॲप थांबवतो. म्हणूनच सकाळी पोर्टची तक्रार आली नाही. पण ॲपमध्ये कुणी स्वतःचा थ्रेड (प्रोसेसच्या आत वेगळं चालणारं काम) काढून ठेवला असेल, आणि तो डीमन (ज्याच्यासाठी जावा थांबत नाही असा) नसेल, तर तो संपेपर्यंत जावा बाहेर पडत नाही. सराफ्यात पेढीचं शटर पडलंय, ओट्यावर गराडूची कढई चढलीय, आणि आत मुनीमजी अजून खतावणी लिहितायत, तसं. तुमचे मुनीमजी म्हणजे एसएमएसचा टायमर, याबद्दल मला फारशी शंका नाही.

खात्री करून घ्या. शटडाऊननंतर उरलेल्या प्रोसेसला ‘किल मायनस थ्री’ द्या. घाबरू नका, याने ती मरत नाही. सगळ्या थ्रेडची यादी कॅटालिना डॉट आउटमध्ये ओतते. ज्या नावापुढे ‘डीमन’ नाही आणि जे तुमच्या ॲपचं वाटतं, ते प्रोग्रॅमरला दाखवा. ॲप थांबताना टायमर बंद करायचं काम त्याचं, तुमचं नव्हे.

तोवर नऊ नको, नुसतं ‘किल’ पुरे. त्याचा अर्थ पंधरा नंबरचा सिग्नल : जावाला निरोप मिळतो, ती आवराआवर करते आणि अडून बसलेल्या थ्रेडसकट निघते. नऊचा निरोप प्रोसेसपर्यंत जातच नाही, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, परस्पर गळा आवळतो. हे मी अनंत चतुर्दशीला शिकले. मिरवणुकीतल्या झांक्यांसाठी रस्ते बंद व्हायच्या आत घर गाठायचं होतं, म्हणून नऊ मारून उठले. सकाळी दिवसअखेरची फाइल उघडली, तर शेवटची ओळ ‘१२,४’ वर तुटलेली. पुढचे आकडे व्हाउचरं काढून हातानं भरले.

टॉमकॅट सिस्टीमडीखाली (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालवत असाल, तर तो मुळात ९० सेकंद थांबतो आणि मग स्वतःच नऊ मारतो. आवरायला जास्त वेळ लागत असेल, तर टाइमआउट-स्टॉप-सेक वाढवा. आणि पंधरानं नीट थांबलेली जावा १४३ हा कोड देऊन जाते (१२८ अधिक १५). सिस्टीमडी त्याला लाल अक्षरांत ‘फेल्ड’ म्हणतो. सक्सेस-एक्झिट-स्टेटसमध्ये १४३ लिहिलं की त्याची कुरकुर थांबते.