'विश्वास हे देवाचे दान' : हे की हा, दान की देणगी?

प्रश्न असा आला आहे. एका ख्रिस्ती मित्राच्या आजीच्या स्मरणार्थ छापलेल्या पत्रिकेत 'विश्वास हे देवाचे दान आहे' असं वाक्य होतं. विश्वास पुल्लिंगी, मग 'हा' नको का? आणि दान तर माणूस करतो. देव कसलं दान करणार? त्यापेक्षा 'देणगी' किंवा 'वरदान' बरं नाही का?

व्याकरणाचं आधी उरकून टाकतो. 'पुणे ही सांस्कृतिक राजधानी', 'वाचन हा माझा छंद', 'साखर हे विष'. अशा वाक्यांत मधलं सर्वनाम पुढच्या नामाकडे झुकतं. दान नपुंसकलिंगी, म्हणून 'हे'. पत्रिका बरोबर आहे. 'देणगी' घातलंत तर 'विश्वास ही देणगी' होईल, इतकंच.

खरी गंमत मूळ वचनात आहे. हे वाक्य बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या आठव्या ओवीवरून आलेलं. (ख्रिस्ती मंडळी 'वचन' म्हणतात, मी सवयीने ओवी म्हणतो.) प्रचलित मराठी भाषांतर असं: 'कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे, आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.' यात 'हे' दोनदा आलंय. दुसरं 'हे' दानाला चिकटलेलं म्हणून सोडून देता येईल, पण पहिल्याला तसं नाही. 'हे तुमच्या हातून झाले नाही' यातलं 'हे' मागे बघतं. मागे तीन नामं आहेत: कृपा, विश्वास, तारण. कृपेसाठी 'ही' लागलं असतं, विश्वासासाठी 'हा'. उरलं तारण, म्हणजे पापातून सुटका, किंवा 'तारण झालं' ही अख्खी घटना.

ग्रीकमध्येही जवळपास हीच गोष्ट. तिथे सर्वनाम एकच आहे, 'तूतो', नपुंसकलिंगी. कृपेसाठीचा 'खारिस' आणि विश्वासासाठीचा 'पिस्तिस' हे दोन्ही शब्द मात्र स्त्रीलिंगी. म्हणजे त्या वचनात नेमका विश्वासच दान आहे, असं व्याकरण ठामपणे म्हणत नाही. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन, खुद्द त्यानेही इथे दान म्हणजे सगळं तारण असाच अर्थ घेतला. आणि तो काही विश्वासाचं श्रेय माणसाला देणारा नव्हता. मराठी भाषांतरकाराला आयतं नपुंसकलिंगी 'तारण' मिळालं आणि हा धागा आपोआप जपला गेला. (सोनेतारण कर्जाच्या पाट्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्याला 'तारण' म्हटलं की आधी बँक आठवते, त्याला इलाज नाही.)

मग पत्रिकेतलं वाक्य चुकीचं? नाही. तो त्या एका वचनाचा अनुवाद नाही, शिकवणुकीचं थोडक्यात रूप आहे. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन आधी असं मानत होता की देव हाक मारतो आणि विश्वास माणूस आपल्या बाजूने ठेवतो. पुढे त्याने हे मत स्वतःच खोडलं: विश्वासाची सुरुवातही देवाकडूनच. 529 साली फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने हेच उचलून धरलं, आणि 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथातही विश्वास हे देवाचं दान असं स्पष्ट आहे. फिलिप्पैकरांस पत्रातही विश्वास ठेवणं हे 'तुमच्यावर झालेल्या कृपे'त मोजलंय.

आता दान. मराठीत दान वरून खालीही येतं आणि खालून वरही जातं. वासुदेव 'दान पावलं' म्हणत ते गावोगावच्या देवांना पोचवतो. सारीपाटावर दान 'पडतं', तिथे तर खेळणाऱ्याच्या हातात कवड्या टाकण्यापलीकडे काही नसतं. म्हणून 'देव दान कसं करणार' हा आक्षेप मला पटत नाही. ज्ञानेश्वरांनी देवाकडे मागितलं ते पसायदानच. पसाय म्हणजे प्रसाद, कृपा. मराठी बायबलात 'खारिस'वरूनच आलेल्या ग्रीक 'खारिस्मा'साठी 'कृपादान' हा शब्द येतो, तो अर्थाने पसायदानाचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की ज्ञानेश्वर आधी वाग्यज्ञ करतात, देवाने तोषावं म्हणतात आणि मग मागतात. इफिसकरांस पत्रात यज्ञाला जागाच नाही. पुढचंच वचन सांगतं की हे कर्मांनी झालेलं नाही.

'वरदान' इथे म्हणूनच बसत नाही. वर तपाने मिळतो, भस्मासुरालाही मिळाला. 'देणगी'ची अडचण वेगळी. एक तर पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येतं, आणि 'गळ्याची देणगी' म्हटलं की कोणाला असते, कोणाला नसते असा सूर लागतो. तरी 'देणगी' चूक म्हणणार नाही, फक्त दान घेणारा जास्त रिकाम्या हाताचा वाटतो.

विश्वास या शब्दालाही शेजारी आहेत. वसईकडच्या कॅथलिक लेखनात 'श्रद्धा' सर्रास दिसते, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत 'भावार्थ' म्हणजेच विश्वास. आपल्याकडे भावार्थ परीक्षेत पाच गुणांना लिहायचा असतो!

मला स्वतःला क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. मराठीत विश्वास आपण 'ठेवतो' आणि तो आपला 'बसतो'ही. ठेवणं आपल्या हातचं. बसणं नाही, कितीही ठरवलं तरी. बायबल 'प्रभू येशूवर विश्वास ठेव' असं आज्ञार्थात सांगतं आणि दुसरीकडे तो दिला जातो असंही म्हणतं, तेव्हा ही दोन्ही क्रियापदं एकदमच खरी धरायची असतात. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रेषित येशूला म्हणतात, 'आमचा विश्वास वाढवा.' ठेवणारे तेच, आणि वाढवायला सांगतायत दुसऱ्याला.