तंत्रशिक्षणाच्या घरात मानव्यविद्या

प्रश्न : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकीसाठी नावाजलेली संस्था आहे. मग तेथे अर्थशास्त्र आणि भाषाविज्ञान इतके कसे वाढले? भावी अभियंत्यांना इतिहास-साहित्य शिकवणे हे केवळ शोभेपुरतेच नसते काय?

उत्तर : १८६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भाषा, इतिहास हे विषय पूर्वीपासून होते; पण त्यांचे स्थान अभियांत्रिकीला पूरक, म्हणजे दुय्यमच होते. दुसऱ्या महायुद्धात याच संस्थेत रडारवर मोठे संशोधन झाले आणि विज्ञानाचा समाजावर किती खोल परिणाम होतो हे दिसून आल्यावर, आपल्या अभ्यासक्रमाचा मुळापासून विचार करण्यासाठी संस्थेने समिती नेमली. समितीचे अध्यक्ष वॉरन लुईस हे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मला विशेष वाटते, कारण मानव्यविद्यांची बाजू येथे त्या विद्यांच्या अध्यापकांनीच मांडली असे नाही. समितीचा अहवाल १९४९ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली.

मात्र केवळ विद्याशाखा काढल्याने विषय वाढत नाही. त्याला स्वतःचे संशोधन आणि स्वतःचे विद्यार्थी लागतात. अर्थशास्त्राला ते आधीच लाभू लागले होते. पॉल सॅम्युएलसन १९४० मध्ये तेथे अध्यापक म्हणून आले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांचे अर्थशास्त्र गणिती होते, त्यामुळे गणितात मुरलेल्या संस्थेत ते परके ठरले नाही. भाषाविज्ञानाची वाट तर थेट प्रयोगशाळेतून गेली : नोम चॉम्स्की १९५५ मध्ये आले तेव्हा यंत्राद्वारे भाषांतर करण्याच्या प्रकल्पाचे निमित्त होते आणि त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन प्रयोगशाळेत चाले. भाषाविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६१ मध्ये सुरू झाला.

आपल्या शंकेत तथ्य आहे ते साहित्य, इतिहास यांसारख्या विषयांबाबत, कारण त्यांना असा तांत्रिक आधार सहज मिळत नाही. तेथे नियमच उपयोगी पडतो : पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला व सामाजिक शास्त्रे यांतील किमान आठ विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यांतील काही एकाच क्षेत्रातले घ्यावे लागतात, जेणेकरून सगळे आठही वरवरचे होणार नाहीत.