डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळासाठी स्वतःचं जग रचताना जादूचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम कसा दाखवायचा?

आगीचे गोळे बाजूला ठेवा आणि शेतीपासून सुरुवात करा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत 'प्लांट ग्रोथ' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. आठ तास खर्चून तो टाकला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. म्हणजे जवळपास ५०० एकर, तेही एका ड्रुइडच्या, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्याच्या, एका दिवसाच्या कामात! मग पेरणीआधी ड्रुइडला कोणाच्या शिवारात न्यायचं यावरून गावागावांत भांडणं होणारच. धान्याचे भाव पडतील, सावकाराची पकड सैल होईल, नाहीतर एखादा जमीनदार ड्रुइडलाच आपल्या वाड्यावर अडकवून ठेवेल. कथानक इथेच मिळतं.

'कंटिन्युअल फ्लेम' या मंत्राचा दिवा आपोआप कधी विझत नाही, पण तो पेटवायला ५० सुवर्णमुद्रांची माणकाची पूड खर्ची पडते. त्यामुळे तो देवळात, वेशीवर दिसेल; झोपडीत नाही.

मात्र असे मंत्र टाकणारे किती जण आहेत, हे सगळ्यात आधी ठरवा. माझ्या मते सगळं या एका आकड्यावर उभं असतं. अख्ख्या परगण्यात एकच असेल तर गावं जुन्या वळणाचीच राहतील. पेठेपेठेत असतील तर २००४ साली आलेलं याच खेळाचं एबेरॉन हे जग बघा, तिथे जादूवर रेल्वे धावते.