विचारा, सांगते : ‘ती गोळी आमची नाही’

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या लेखिका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यातली. माझ्या सात वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नाही. धरल्याशिवाय उभा राहत नाही, बोलणं अडखळतं, पण कळतं सगळं. फिट्ससाठी पुण्याचे मेंदूचे डॉक्टर, कडक पायांसाठी नाशिकचे हाडांचे डॉक्टर, तिरळेपणासाठी तिसरे, आणि रोजची फिजिओथेरपी इथे. नाशिकच्या डॉक्टरांनी पाय सैल पडावेत म्हणून बॅक्लोफेन सुरू केलं. तेव्हापासून तो शाळेत पेंगतो. बाई म्हणतात, रात्री झोपवत नाही का? फिजिओ म्हणतात, हा मेहनतच करत नाही, तुम्ही लाडावलाय. पुण्यात सांगितलं, तर उत्तर मिळालं की ती गोळी आमची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारा. गोळी बंदच करू का? सासूबाई त्याला मालीशवाल्याकडे नेतात, तो पाय ओढतो. धाकट्या दिरांनी मोबाइलवर स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांची जाहिरात बघितली, खर्च काही लाखांचा, जमिनीचा तुकडा विकू म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, पुण्यालाच राहायला जाऊ. या सगळ्यात अकरा वर्षांच्या मुलीकडे बघणं होत नाही. ऐकायचं कोणाचं? सगळे डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतील असं काही असतं का? – एक आई

उत्तर : ताई, आधी गोळीचं. बॅक्लोफेन आपल्या मनाने बंद करू नका. ते एकदम तोडलं तर कडकपणा उसळतो, फिट्सही येऊ शकतात, आणि तुमच्या मुलाला तो त्रास आधीपासूनच आहे. पण पेंगण्याचं सांगायला पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका. नाशिकला आजच फोन करा आणि फिट्सच्या गोळ्यांची नावं, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, हे सगळं वाचून दाखवा. बॅक्लोफेनने झोप येते, फिट्सच्या बऱ्याच औषधांनीही येते. दोन्ही मिळून गुंगी चढत असेल तर वेळ किंवा डोस बदलायचा का, हे डॉक्टरच ठरवतील. तोपर्यंत शाळेच्या बाईंना आणि फिजिओंना एवढं जरूर सांगा की नवीन औषध सुरू झालंय. बाईंना त्याचं लक्ष दिसत नाही आणि फिजिओंना त्याची मेहनत दिसत नाही, ते बहुधा एकाच कारणाने. लाडाचा इथे काही संबंध दिसत नाही.

‘ती गोळी आमची नाही’ हे वाक्य मी नोकरीत इतकं ऐकलंय की त्याचा राग अजून गेलेला नाही. बोलणारे डॉक्टर वाईट नसतात. पुण्याने मेंदू नीट तपासला, नाशिकने पाय नीट तपासले. त्या दोघांमध्ये बोलणं व्हावं, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. म्हणून ते तुमच्या गळ्यात पडलंय. हे न्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही, पण पडलंच आहे तर ते सोपं कसं करायचं ते सांगते.

पहिलं काम, मुख्य डॉक्टर ठरवा. पुण्याचे नकोत, नाशिकचेही नकोत. सर्दी-तापाला ज्यांच्याकडे जाता ते संगमनेरचे बालरोगतज्ज्ञ धरा. गर्दीच्या वेळी जाऊ नका. शेवटचा नंबर लावा आणि सरळ विचारा, ‘डॉक्टर, याच्या सगळ्या औषधांवर एक नजर तुम्ही ठेवाल का? बाहेर कोणी नवीन गोळी दिली तर आधी तुम्हाला दाखवीन.’ बहुतेक जण हो म्हणतात, कारण असं त्यांना कोणी विचारतच नाही. मग पुण्या-नाशिकहून येताना दर वेळी त्यांच्या नावाने दोन ओळींचं पत्र मागून आणा.

दुसरं काम फाईलचं. तुमच्याकडे पिशवीभर कागद असणारच. मला हवंय ते त्या पिशवीच्या वरचं एक पान. मुलाचं वजन, निदान, प्रत्येक औषध कोणी दिलं, किती, कधी घ्यायचं. कोणत्या औषधाची ॲलर्जी. शेवटची फिट कधी आली, किती वेळ टिकली. पाच मिनिटांवर फिट चालली तर काय द्यायचं आणि कुठे न्यायचं, हे पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या आणि त्याची एक प्रत शाळेत द्या. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला तेही या पानावर हवं. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीन मुलांपैकी एकाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त. सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. तुमच्या पत्रात एक्स-रेचा उल्लेख नाही, म्हणून नाशिकला फोन कराल तेव्हा तेही विचारा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये आपल्या पुस्तकात ‘मेडिकल होम’ ही कल्पना मांडली, तेव्हा तिचा अर्थ एवढाच होता की मुलाचे सगळे वैद्यकीय कागद एका जागी असावेत. पुढे हवाई बेटांवरच्या डॉ. कॅल्विन सिया यांनी ती वाढवली, आणि घरच्यांशी सल्लामसलत, डॉक्टरांचा आपसातला ताळमेळ हे सगळं तिच्यात आलं. तिथेही सुरुवात कागदांपासूनच झाली, एवढं लक्षात असू द्या.

आता एका छताचं. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक अशी अख्खी मंडळी तिथे एकत्र असावीत, अशी ती योजना. भर सहा वर्षांखालच्या मुलांवर आहे, पण अठरापर्यंतच्या मुलांना पुढे कुठे पाठवायचं हेही तिथूनच ठरतं. शाळेत वर्षातून एकदा येणारं तपासणी पथक याच कार्यक्रमाचं. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. मात्र नगरला निघण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारा, कारण एखादं पद रिकामं असलं की तुमचा अख्खा दिवस वाया.

मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून आहे. आईवडिलांना शेजारी बसवून आराखडा ठरवायची त्यांची रीत आहे. अशा ठिकाणी एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि आराखडा घेऊन घरी यावं, या मताची मी आहे. पुण्याला बिऱ्हाड हलवायच्या मी विरुद्ध आहे. तिथे जाऊन मिळणार काय? आठवड्यातून काही तास थेरपी. आणि जाणार काय? मिस्टरांची मिळकत, त्याला ओळखणारी शाळा, हाताशी असलेल्या सासूबाई. जे मुलाला रोज करायचंय तेच रोजच्या वेळी घरात करून घेतलं तर ते अंगी लागतं, हे आता थेरपिस्टही सांगतात.

पण करून काय घ्यायचं? हे तुम्हाला कोणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. कॅनडातले पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर या दोन डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशा मुलांबद्दल सहा गोष्टी मांडल्या : काम जमणं, कुटुंब, तब्येत, मजा, मित्र आणि भविष्य. तुमच्या घरी सगळी चर्चा पायांची. मजा आणि मित्र कुठे आहेत? तुम्हीच लिहिलंय की त्याला सगळं कळतं, मग त्यालाच विचारा. तो म्हणेल, मला मधल्या सुट्टीत पोरांबरोबर बसून डबा खायचाय. मग फिजिओंना सांगा, पुढच्या सहा महिन्यांत हे जमवायचंय. बसायची खुर्ची कशी हवी, चमचा कसला, हात कुठे टेकायचा, याच्यावर ते कामाला लागतील आणि मुलगाही मेहनत करेल, कारण काम त्याचं आहे.

मालीशवाल्याचं बंद करा. चालत नसलेल्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, ओढाताणीत मोडतात. पण हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, सुनेने सांगितलेलं पचत नाही. त्यांना एकदा फिजिओंकडे घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, ते काम आजीचंच राहू द्या.

दिरांना म्हणावं, जमीन राहू द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हे उपचार म्हणून विकता येत नाही, ते फक्त संशोधनातच चालतं. आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. दिरांना मदत करायचीच असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) खेपा त्यांच्याकडे द्या. पुढे नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घालावं. सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात येते. पावत्या फेकू नका.

पुण्याची पुढची खेप मिस्टरांनी एकट्याने मुलाला घेऊन करावी. डॉक्टर विचारतील, गोळी किती वाजता देता, फिट किती वेळ होती, आणि उत्तर त्यांना द्यावं लागेल. त्या दिवशी तुम्ही लेकीबरोबर राहा. तिला भावाबद्दल काय सांगितलंय? अकरा वर्षांची मुलगी बरंच काही मनाशी ठरवून बसलेली असते. त्याला काय झालंय आणि काय होणार नाही, हे सरळ सांगून टाका.

प्रश्न : नातीला डाउन सिंड्रोम (जन्मापासूनचा गुणसूत्रांतला दोष, त्यामुळे बौद्धिक वाढ मंद) आहे, ती सतरा वर्षांची आहे. अठरा झाल्यावर सह्या कोण करणार? मुलगा म्हणतो, आम्ही आहोत की. – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, तुमची शंका रास्त आहे. अठरा पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. कागद आतापासून जमवा. मात्र बौद्धिक अपंगत्व कमी असेल आणि नातीला बरंचसं कळत असेल, तर पूर्ण पालकत्वाची घाई नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, त्यात निर्णय तिच्याबरोबर बसून घ्यायचे असतात. आणखी एक गोष्ट, बालरोगतज्ज्ञांकडचं नाव कमी झालं की तपासण्या बंद पडतात. तिची थायरॉइडची तपासणी दर वर्षी व्हायलाच हवी. ती पुढे कोणाकडे करायची, हे जुन्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत अडीच वर्षांचा मुलगा आहे, एकही शब्द बोलत नाही. घरचे म्हणतात, याचा बाप पण उशिराच बोलला. त्यांना कसं सांगू? – सेविका, सुरगाणा

उत्तर : आजाराचं नाव घेऊ नका. एवढंच म्हणा, ‘कान तपासून घेऊ.’ त्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी तीच असते. नुसती टाळी वाजवून बघितली हे पुरेसं नाही, कारण काही मुलांना मोठे आवाज कळतात, बोलणं कळत नाही. बाल स्वास्थ्यचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण पुढची फेरी लांब असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. कान चांगले निघाले तर पुढची तपासणी त्याच केंद्रात लिहून देतात. जाताना आईबरोबर आजीलाही न्या. नाहीतर संध्याकाळी घरी आल्यावर ‘बाप पण उशिराच बोलला’ पुन्हा सुरू होईल.