ब्रँडन सँडरसन इतकं कसं लिहितो आणि नवीन फँटसी लेखकाने पुस्तक काढताना त्याची पद्धत वापरावी का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत, एक म्हणजे सँडरसन हा अमेरिकन फँटसी लेखक एवढा भराभर लिहितो कसा, आणि दुसरा, त्याने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर, केलं तसं आपल्या पहिल्याच पुस्तकाला करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी सांगतो. नाही, पहिल्या पुस्तकाला ते जमणार नाही. पण त्या किकस्टार्टरच्या आधी त्याने जे केलंय त्यातलं बरंच घेण्यासारखं आहे, आणि नेमकं त्याबद्दलच कोणी बोलत नाही.

वेगाचं म्हणाल तर त्याचा रोजचा आकडा ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण तो फार मोठा नाहीये. साधारण दोन-अडीच हजार शब्द. लिहिणारे बरेच जण चांगल्या दिवशी एवढं लिहितात. फरक हा की तो चांगल्या दिवसाची वाट बघत नाही. दुपारी उठतो, संध्याकाळपर्यंत लिहितो, मग काही तास फक्त घरच्यांसाठी, आणि रात्री दहाच्या सुमारास परत बसतो ते पार मध्यरात्रीनंतरपर्यंत. आता हिशोब करा, रोज 2000 धरले तरी 4 लाख शब्दांची कादंबरी 200 दिवसांत होते, आणि 4 लाख म्हणजे त्याच्या स्टॉर्मलाइट मालिकेतल्या एका जाडजूड पुस्तकाएवढं झालं. म्हणजे यात जादू काही नाही, सलग बसणं आहे. रात्री लिहायची सवय पण जुनीच, कॉलेजात असताना तो हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करायचा, ती नोकरी धरलीच होती यासाठी की रात्री गिऱ्हाईक कमी आणि लिहायला वेळ मिळतो.

दुसरं, तो अर्ध्यात मागे जात नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आउटलाइन करताना तो शेवट आधी ठरवतो, मग तो शेवट वाचकाला पटायला आधी काय काय घडलेलं दिसायला हवं त्याची यादी करतो आणि तिथून उलटा मागे येतो. पात्रं मात्र इतकी घट्ट बांधत नाही, ती लिहिता लिहिता सापडू देतो, आणि पात्र आउटलाइनमध्ये बसेना झालं की आउटलाइन बदलतो, पात्राला ओढूनताणून बसवत नाही. आणि समजा मधेच एखादी गोष्ट बदलायची ठरली तर पहिल्या प्रकरणापासून दुरुस्त करत बसायचं नाही, ती आधीपासून तशीच होती असं धरून पुढे लिहायचं, दुरुस्ती पुढच्या ड्राफ्टमध्ये. मग त्याचे ड्राफ्टवर ड्राफ्ट होतात, एक फेरी तर निव्वळ छाटणीची असते, साधारण दहा टक्के शब्द कमी करायचे, शिवाय बीटा रीडर्सचं, म्हणजे छापायच्या आधी ड्राफ्ट वाचून मत देणाऱ्यांचं, म्हणणं घेऊन बदल होतात ते वेगळेच. फँटसी लिहिणारे कितीतरी जण नकाशे, भाषा, राजघराण्यांच्या वंशावळी यात वर्षानुवर्षं अडकतात किंवा पहिली तीन प्रकरणं घासत बसतात, त्यांना एवढी एक सवय लागली तरी पुस्तक पूर्ण होईल.

आता प्रकाशनाकडे येतो. त्याचं पहिलं छापलेलं पुस्तक एलांट्रिस, 2005 सालचं, पण ते त्याने लिहिलेलं सहावं होतं. टॉर प्रकाशनाच्या एडिटरने ते घ्यायचं कळवलं 2003 मध्ये, म्हणजे हस्तलिखित पाठवल्यावर साधारण दीड वर्षाने, आणि तोवर हा तेरावी कादंबरी लिहीत होता! मधल्या काळात नकार येत होते, तुझी पुस्तकं फार लांब आहेत, त्या वेळी खपतंय तसं जरा गडद, निर्दय लिही, असा सल्लाही मिळाला. त्याने ते करूनही बघितलं, आणि ती पुस्तकं त्याची सगळ्यात कमजोर झाली असं तो स्वतःच सांगतो. मग त्याने बाजार बाजूला ठेवला आणि स्वतःला हवी तशी अवाढव्य कादंबरी लिहायला घेतली. पण त्या फसलेल्या दोन पुस्तकांतल्या कल्पना वाया गेल्या नाहीत, त्याच एकत्र करून 2006 चं मिस्टबॉर्न झालं.

2007 मध्ये फँटसी लेखक रॉबर्ट जॉर्डन गेल्यावर त्यांची व्हील ऑफ टाइम मालिका पूर्ण करायचं काम त्याच्याकडे आलं, त्याचा शेवटचा भाग 2013 ला आला, आणि त्यातून त्याला प्रचंड वाचक मिळाले हे खरंच आहे. पण मला जास्त भावतं ते वॉरब्रेकरचं. त्या कादंबरीचे ड्राफ्ट त्याने लिहितानाच स्वतःच्या साइटवर फुकट टाकले आणि तरीही 2009 मध्ये टॉरनेच ती छापली. साइटवर कुठलं पुस्तक किती टक्के झालं ते दाखवतो, दर डिसेंबरला वर्षभराचा लांबलचक हिशोब लिहितो. वाचकाशी असा सरळ संबंध त्याने वर्षानुवर्षं जपलाय आणि तो कुठल्याही प्रकाशकाच्या हातात दिलेला नाही.

म्हणूनच 2022 चं किकस्टार्टर झालं. चार कादंबऱ्या, सगळ्या मिळून सुमारे 4 कोटी 17 लाख डॉलर जमले, पाठिंबा देणारे 1 लाख 85 हजारांहून जास्त. पण त्यात दोन गोष्टी बघा. एक, पैसे मागितले तेव्हा पुस्तकं लिहून तयार होती, महामारीत प्रवास बंद झाला त्या वेळात लिहिलेली. दोन, 2020 मध्ये एका चामड्याच्या बांधणीच्या आवृत्तीसाठी त्याने आधीच 67 लाख डॉलर जमवले होते, म्हणजे छपाई, गोदाम, जगभर पार्सल पाठवणं या सगळ्याची माणसं त्याच्या कंपनीत होती. आणि दुकानांसाठीच्या आवृत्त्या टॉरकडेच गेल्या, त्याने प्रकाशक सोडलेला नाही, महागड्या खास आवृत्त्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या. ऑडिओबुकच्या बाबतीत तर तो उघड भांडला, ऑडिबल ही ऑडिओबुक विकणारी कंपनी स्वतंत्र लेखकांना फार कमी वाटा देत होती म्हणून ती चार पुस्तकं आधी तिथे दिलीच नाहीत. एवढा मोठा लेखक स्वतःपुरती सोय करून गप्प बसला असता तरी कोणी काही म्हणालं नसतं, तो छोट्या लेखकांसाठी बोलला याचा मला फार आदर वाटतो.

मग तुम्ही काय करावं? तुम्ही लिहिलंय की पाच भागांची मालिका डोक्यात आहे आणि पहिला भाग संपत आलाय. तो संपवा, शेवट असा करा की एकटं पुस्तक म्हणूनही पुरं वाटेल, आणि प्रकाशकांना पाठवून द्या. उत्तर येईपर्यंत दुसरा भाग लिहू नका, दुसऱ्याच जगातलं नवीन पुस्तक सुरू करा, कारण पहिल्याला नकार आला तर त्याचा दुसरा भाग कोणालाच दाखवता येत नाही, नवीन पुस्तक मात्र सगळीकडे पाठवता येतं. दरम्यान थोडे का होईना पण वाचक जमवायला लागा, एखादी कथा फुकट द्या, ईमेल यादी स्वतःची ठेवा. आणि ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतली त्याची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत, फुकट, त्यातली प्रकाशनाबद्दलची आधी बघा, करारात कुठले हक्क द्यायचे नि कुठले ठेवायचे हे सही करायच्या आधी कळलेलं बरं.