शंका-समाधान : ‘ऑफल’ आणि ‘व्हिसेरा’

प्रश्न : पणजीतील एका उपाहारगृहाच्या इंग्रजी खाद्यसूचीत सोरपोतेलच्या वर्णनात ‘ऑफल’ हा शब्द वाचला. कोशात ‘जनावराचे आतील अवयव’ असा अर्थ मिळाला. ‘भयंकर’ या अर्थाचा ‘ऑफुल’ याच मुळातून आला काय? आणि अपमृत्यूच्या बातम्यांतील ‘व्हिसेरा’ तो हाच काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : उच्चारसाम्य सोडले तर ‘ऑफल’ आणि ‘ऑफुल’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ‘ऑफुल’च्या मुळाशी दरारा किंवा भययुक्त आदर या अर्थाचा शब्द आहे, तर ‘ऑफल’ म्हणजे ‘ऑफ’ अधिक ‘फॉल’, अर्थात गळून पडलेले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो आणि डच भाषेतील ‘आफ्फाल’च्या धर्तीवर तो घडला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात, आजच्या डचमध्ये त्या शब्दाचा अर्थ चक्क केरकचरा असा आहे. इंग्रजीतही लाकूड तासताना पडणारा भुसा-ढलप्या आणि गहू दळल्यावर उरणारा कोंडा यांना हाच शब्द लागू होता. पुढे खाटकाच्या ओंडक्यावर जनावर सोलून मांसाचे तुकडे पाडताना जे बाजूला पडे, त्याला तो चिकटला. तेव्हा या शब्दात अवयवाचे नाव नाही, कापणाऱ्याची नजर आहे. म्हणूनच काळीज, गुर्दे, वजडी यांच्याबरोबर जीभ, शेपूट आणि पायही ‘ऑफल’मध्ये मोडतात, आणि कोशातील ‘आतील अवयव’ हा अर्थ थोडा अपुरा ठरतो. अमेरिकी विक्रेत्यांनी तर या शब्दाचा वास नको म्हणून ‘व्हरायटी मीट्स’ असे गोंडस नाव काढले.

नाताळाला आणि फेस्ताला गोव्यात घरोघरी शिजणाऱ्या सोरपोतेलमध्ये डुकराच्या मांसाबरोबर काळीज वगैरे बारीक चिरून, मसाला व व्हिनेगर घालून मुरवतात. त्याचा मूळ पोर्तुगीज अवतार ‘सारापातेल’. पोर्तुगीजांनी अशा अवयवांना दिलेले ‘मियुदुश’, म्हणजे बारीकसारीक, हे नाव इंग्रजीपेक्षा पुष्कळच सौम्य वाटते. काळीज, हृदय व फुप्फुसे एकत्र उपटून काढली की इंग्रज खाटीक त्यांना ‘प्लक’ म्हणे, आणि अठराव्या शतकात तोच शब्द हिंमत या अर्थाने रुळला. ‘वाघाचे काळीज’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये.

‘व्हिसेरा’ मात्र लॅटिनमधून आलेला, वैद्यकाचा शब्द आहे आणि पोट, छाती यांच्या पोकळीतील इंद्रियांपुरताच तो मर्यादित आहे. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ ही बातमी बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, आलेली असो वा अन्य कोठून, तिचा अर्थ एवढाच की जठर, यकृत, मूत्रपिंड इत्यादींचे भाग विषाच्या तपासणीसाठी, बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात, जपून ठेवले आहेत. लॅटिनमध्ये हे अनेकवचन आहे, एकवचन ‘व्हिस्कस’. मराठी वार्ताहरांनी त्याला एकवचनी पुल्लिंग करून टाकले आहे आणि ते रूढही झाले आहे.