ठाण्यात राहून शास्त्रीय व्हायोलिनवर पोट भरता येईल का?

तुमची मुलगी विशारद (संगीतातली पदवीच्या तोडीची परीक्षा) झाली आहे आणि नोकरी न करता वाजवायचं, शिकवायचं म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. होईल, पण पहिली काही वर्षं घर शिकवणीवर चालेल, मैफलींवर नाही. मी नौपाड्यात हेच करतो.

विशारद शिकवण्यासाठी उपयोगी. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं केंद्र वाशीलाच आहे. पालक त्यांच्या परीक्षांची चौकशी हमखास करतात. गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर मात्र प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. तिथे गजावरचा (बो) ताबा दिसतो. पं. डी. के. दातार किंवा डॉ. एन. राजम या व्हायोलिनवादकांचं वादन ऐका: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) अशी, की वाद्य गातंय असं वाटावं. पडदे नसलेल्या वाद्यावर हे साधायला रोजचा रियाज लागतो, आणि संध्याकाळ सगळी शिकवण्यांत जाते. म्हणून पहाट राखून ठेवायला सांगा. मी सुरुवातीला ती राखली नाही. विद्यार्थी वाढले, हात मात्र जड झाला, आणि तो परत हलका करायला फार वेळ गेला.

सुरुवातीला गायनाची साथ, नाट्यसंगीत, भावगीतांचे कार्यक्रम, सगळं घ्यावं. त्याला कमी लेखणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ओळखी तिथेच होतात. मानधन आधीच ठरवायचं, 'नंतर बघू' चालणार नाही.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, सांधे सुटतात. दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवा.